लाल दाणा आणि साळुंक्यांचा नायक

पूर्वी दक्षिणेकडे सुवीर नावाचा राजा राज्य करीत होता. करीत होता म्हणायचे. निम्मा वेळ तो झोपलेलाच असे, म्हणून प्रजा सुखी होती. त्या काळी बोधिसत्त्व डोंगरातल्या एका वाडीजवळ साळुंकीच्या कुळात जन्मला आणि मोठा होऊन थव्याचा नायक झाला.

वाडीतले लोक पांगाऱ्यावर मिरवेल चढवीत. पण पाखरे मिरी खातील या धास्तीने ते घोस हिरवेच तोडीत. एका साली पौषात तोडले, पुढच्या साली मार्गशीर्षात. आणखी थोडी अक्कल वाढली असती, तर वेल लावण्याआधीच तोडणी उरकली असती!

मिरीच्या बदल्यात धान्य देणारा सार्थवाह आपला बैलांचा तांडा घेऊन दरसाल येई आणि मूठभर मिरी पाण्यात टाकी. ती आतून पोकळ, म्हणून तरंगत.

"ही मिरी की भुसा?" तो या खेपेला म्हणाला. "पुढच्या साली तरंगली, तर माझे बैल या डोंगराकडे वळायचे नाहीत."

बैल वळले नाहीत तर वाडीला मीठही मिळणार नव्हते, मग धान्य कुठले! पुढचा हंगाम आला तसा पुण्णक नावाचा तापट म्हातारा जाळे विणायला बसला. "एकही साळुंकी ठेवणार नाही," तो बायकोला म्हणाला.

सामा म्हणाली, "विणा. तेवढाच वेळ तोंड बंद राहील."

हे ऐकून बोधिसत्त्व आपणहून त्यांच्या अंगणात उतरला. "पुण्णकबाबा, जाळे राहू दे. मला पिंजऱ्यात ठेव. आमच्यातल्या कोणी तुझ्या वेलीला चोच लावली, तर माझी मान मुरगळ. पण मिरी पिकेपर्यंत तोडू नकोस."

"पाखराचा शब्द!" पुण्णक हसला, पण फुकट आलेला ओलीस कोण सोडतो? त्याने पिंजऱ्याला कडी घातली. सगळी वाडी तोडणीवाचून थांबली.

थवा उंबराच्या फळांवर राहू लागला. त्यात लोलक नावाचा एक हावरा साळुंका होता. त्याने विचार केला, 'नायक पिंजऱ्यात, घोस वेलीवर. एक दाणा खाल्ला की पोटही भरेल आणि गादीही मिळेल.' असल्या हिशेबात काही लोक फार हुशार असतात. नावे घेत नाही, त्यांना राग येतो.

सकाळी पुण्णकला वेलीखाली चोचीने फोडलेला दाणा सापडला. तो तरातरा आला आणि पिंजऱ्यात हात घालून त्याने नायकाची मान धरली.

"अहो, थांबा!" सामा ओरडली.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "शब्द दिला तो दिला. ही मान आता तुझी आहे. पण त्या दाण्याची साल बघ. रंग कोणता?"

"लाल."

"मग मला मारण्यात सकाळ घालवू नकोस. आमच्यातला लोलक हावरा आहे, पण कच्चे तोंडात धरीत नाही. घोसात एक दाणा लाल झाला, की बाकीचे हिरवे असले तरी आतून भरलेले असतात. वाडीला हाक मार, आज तोडा. माझे काय ते संध्याकाळी कर."

पुण्णकने मान सोडली. "म्हणजे कच्च्याला तुम्ही कधी शिवतच नव्हता?"

"कच्चे फक्त माणसे तोडतात, बाबा."

सामा इतकी हसली की तिला ठसका लागला.

दिवसभर सगळी वाडी झाडांवर होती. टोपल्या भरताना कोणी भांडलेसुद्धा नाही, हे त्या वाडीत नवलच. दिवस मावळताना पुण्णक पिंजऱ्याजवळ येऊन नुसताच घुटमळला.

"सामे, तूच उघड," तो म्हणाला. "माझ्या हाताला मिऱ्यांचे तिखट लागलेय. पाखराच्या डोळ्यांत जाईल."

वाळलेली मिरी सार्थवाहाने पाण्यात टाकली, ती तळाशी बसली. त्याने मुकाट्याने दुप्पट धान्य ओतले. वाडीने पुढे थव्यासाठी एक वेल राखून ठेवली.

शास्ता हे सांगून म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा लोलक म्हणजे आजचा देवदत्त. पुण्णक म्हणजे आनंद, सामा म्हणजे उत्पलवर्णा, आणि साळुंक्यांचा नायक मीच होतो. मानेवर हात पडला असतानाही त्या हाताच्या मालकाचे भले सुचावे, याला मैत्रीपारमिता म्हणतात."