निवीची पाठवणी

त्या राज्यात एकदा वर सोडलेली गोष्ट कुणाचीच राहत नसे. आभाळ मोठं होतं, आणि तिथं काय साठलंय याची चौकशी कुणी करत नसे.

जमिनीच्या खूप खाली, बारीक छिद्रांच्या खडकाच्या पोटात, चेती आणि निवी या दोन बहिणी राहत होत्या. त्यांना रूप नव्हतं, रंग नव्हता; नुसता श्वास होता, आणि तोही एकमेकींत मिसळलेला. चेतीला ठिणगीचं वेड होतं, जी तिनं कधी पाहिलेली नव्हती. निवी अंगानं जड, स्वभावानं गार; आग तिच्याजवळ आली तर विझूनच जाईल अशी. चेती कुठं संपते आणि निवी कुठं सुरू होते, हे खडकालाही सांगता आलं नसतं.

मग वरून एक नळी आली. लोकांना चुलींसाठी चेती हवी होती. निवी नुसती सोबत निघाली.

वर कारखान्यात एका उंच मनोऱ्यात कडू पाण्याची धार पडत असे. त्या पाण्याला निवीचीच तेवढी ओढ होती. त्यानं तिचा हात धरला आणि चेती पुढं निघून गेली.

“थांब ना गं!” निवी म्हणाली.

“आलेच,” चेती नळातून ओरडली. “ठिणगी बघते आणि येते.”

पाणी तापवलं की त्याची पकड सुटे. मग निवीला चिमणीतून सोडून देत. अशी ती रोज सुटत राहिली, वर्षामागून वर्ष, आणि आभाळात साठत गेली. तिला दूर जाववेना. चेती याच छपरांखाली कुठंतरी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. जमिनीची ऊब वर निघाली की तिच्या अंगात अडकून पडे. निवी खाली वाकून बहीण शोधत राहिली आणि राज्य तापत गेलं.

त्या चिमणीची राखण हौसाक्काकडे होती. एका सकाळी तिची धाकटी बहीण ताराक्का कारखान्याच्या फाटकाशी आली. बैलाच्या पाठीवर जातं बांधलेलं होतं.

“कुठं निघालीस?”

“पाणी असेल तिथं. झरा आटला आमचा.” ताराक्कानं वर पाहिलं. “काय सोडतेस गं तू त्यातनं?”

“काही नाही. दिसतसुद्धा नाही.”

“न दिसणारंच जड असतं, अक्का.”

ती डोंगराच्या वळणाआड जाईपर्यंत हौसाक्का फाटकात उभी राहिली. मग तशीच प्रधानाकडे गेली.

“चिमणीतनं सोडतो त्या निवीला जिथून आणली तिथं पोचवू या,” ती म्हणाली.

“वाट उलटी चालते होय?”

“जोर लावला तर चालते.”

“आणि परत वर आली म्हणजे?”

“खडकानं तिला लाखो वर्षं सांभाळली, सरकार. आपल्याला दोन पिढ्या सांभाळता आली नाही.”

प्रधानानं हुकूम दिला.

कडू पाण्यातून सुटलेल्या निवीला आता यंत्रानं आवळलं, इतकं की ती जवळजवळ पाण्यासारखी झाली. तिनं कुरकुर केली नाही. ती घरी निघाली होती. काळोख्या नळीतून ती कोसभर खाली उतरली आणि खडकानं तिला ओळखलं.

“आलीस?”

“चेती आली का?”

खडकानं आपली रिकामी छिद्रं पुढं केली. चेतीच्या जागा अजून तशाच होत्या. निवी त्यांतल्या एकेकीत शिरली आणि तिथं पडून राहिली.

वर नळीच्या तोंडावर झाकण बसलं. प्रधानानं लोकांना बोलावून थंडगार चिमणी दाखवली. “आता आभाळाचं आपल्याकडं काही देणं नाही,” तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते आपापल्या घरी स्वयंपाकाला गेले.

हौसाक्कानंही चूल पेटवली. त्या दिवशीही चेतीला तिची ठिणगी भेटली. निळी होऊन ती पातेल्याखाली नाचली, एका दमात, भान विसरून. मग नाच संपला. भांड्याच्या कडेनं जे वर आलं, ते जड होतं, गार स्वभावाचं होतं. चेतीनं स्वतःला चाचपलं. हे अंग तिच्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं तिनं ते अगदी जवळून जाणलं होतं.

“निवे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाजही निवीचाच आला.

घर तापलं म्हणून हौसाक्कानं खिडकी उघडली. चेती बाहेर पडली आणि कारखान्याच्या दिशेनं निघाली. शेजारच्या खिडकीतून आणखी एक निघाली, पलीकडच्या छपरातून तिसरी. बघता बघता राज्यातल्या सगळ्या चुलींवरून त्या निघाल्या, आणि झाकण बसलेल्या नळीच्या तोंडाशी येऊन, न दिसणाऱ्या, एकीवर एक उभ्या राहत गेल्या.