वासाची तीन घरं

एक होता राजा. राज्य केवढं, तर साडेतीन गावांचं. अर्धं गाव का, तर ते ओहोटीला राजाचं असायचं आणि भरतीला समुद्राचं. राजा आपल्या गाईंची धार आपणच काढायचा. राणी आपल्या हाताने भाकऱ्या थापायची. त्यांना एकच मुलगी, भिवरा. सोळा वर्षांची, उंच, आणि भारी मुखदुर्बळ. राणीची शिस्तच तशी होती. दुसऱ्याच्या घरी आपणहून काही मागायचं नाही. कुणी विचारलं तरच सांगायचं, तेही तिसऱ्यांदा विचारल्यावर.

तर एकदा काय झालं, सकाळी सगळे उठले, आणि राज्यातला वासच गेलेला. कशाचाच वास येईना. सुरंगीच्या गजऱ्याला वास नाही, सुक्या बोंबलांना वास नाही. राणीचा भात करपून कोळसा झाला तरी कुणाला पत्ता नाही. लोकांना आधी गंमत वाटली. अंघोळीचा कंटाळा करणाऱ्यांची तर चैनच झाली. हसू नकोस गुंड्या, तुझ्यासारख्यांचंच सांगते आहे.

मग भिवराची लाडकी गाय व्याली, ढवळी. वासरू झालं एवढंसं, कपाळावर टिकली, म्हणून नावही टिकली. गाय आपलं वासरू कसं ओळखते, ठाऊक आहे ना? हुंगून. ढवळीने हुंगलं, तर वास नाही. तिला वाटलं, हे कुणाचं तरी परकं पोर. तिने लाथ मारली. टिकली पुन्हा उठली, पुन्हा गेली. पुन्हा लाथ. पान्हा काही सुटेना.

भिवरा त्या वासराला शेळीचं दूध बोळ्याने पाजू लागली. पण बोळ्याचं दूध ते किती? राजाने वासराच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दोन महिने निभेल. पुढे नाही."

तेव्हा बंदरात दाऊद नाखवा आला होता. नाखवा म्हणजे जहाजाचा मुख्य. तो म्हणाला, "बाय, समुद्रापलीकडे ओमान देश आहे. तिथे वासाची तीन घरं आहेत. एक पाण्यात, एक डोंगरात, एक वाळूत. तिन्हीकडून थोडं थोडं आणायचं आणि एकत्र धुरी द्यायची, की गेलेला वास परत येतो. माझ्या आज्याने सांगितलंय."

"आणि नाही आला तर?" राणीने विचारलं.

"तर माझा आजा थापाड्या," नाखवा म्हणाला. "पण जहाज मी तसाही नेतोच आहे."

मग भिवरा निघाली. दोन दिवस जहाज चाललं आणि एकदम तिला वास आला. आपल्या राज्याची हद्द संपली होती ना. पहिला वास कशाचा, तर नाखव्याच्या बंडीचा. महिनाभर न धुतलेली बंडी, बरं का. भिवराला इतका आनंद झाला की ती दिवसभर त्याच्या मागे मागे फिरली.

काय म्हणालीस? हो, तिला अरबी येत होतं. नाखव्याने वाटेत शिकवलं. जहाजावर दुसरं काम काय होतं?

मग ओमानचा किनारा दिसला. समुद्रातून सरळ वर उठलेले तपकिरी डोंगर, आणि त्यांच्या पायाशी पांढरी घरं. नाखवा म्हणाला, "पुनवेला वारा फिरतो. तेव्हा तू बंदरात नसलीस, तर मला थांबता यायचं नाही. पुढचा वारा सहा महिन्यांनी." सहा महिने म्हणजे टिकली संपलीच.

किनाऱ्यावर खमीस आणि शम्सा असं जोडपं राहायचं. खमीस गलबतं बांधायचा, तीही खिळ्यांशिवाय. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवून. आणि काथ्या कुठला, तर आपल्या किनाऱ्यावरचा. त्यांनी भिवराला चटई घातली, खजूर दिले, चिमुकल्या पेल्यात वेलदोड्याचा कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, दिला. ती म्हणाली, "नको, पुरे." त्यांनी पुन्हा ओतला. तिकडे पुरे म्हणायचं असेल तर रिकामा पेला हलवायचा असतो. तिला काय माहीत? ती "नको नको" म्हणत राहिली, ते ओतत राहिले. चौदा पेले झाले. मग शम्सानेच तिचं मनगट धरून पेला हलवून दाखवला आणि तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी खलाशांनी ढोल वाजवले, गाणी म्हटली, मासा भाजला. आणि कोनाड्यात भिवराला अंबर दिसलं. अंबर म्हणजे समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला राखाडी गोळा. दिसतो धोंड्यासारखा, पण वास गोड आणि खोल. भिवरा त्याच्याकडे बघत बसली. आता विचारतील, मग विचारतील. कुणी विचारलंच नाही, की मुली, तू आलीस कशाला? दुसऱ्या संध्याकाळी तिला वाटलं, यांना द्यायचंच नसेल. ती उठली, नमस्कार केला आणि निघाली.

मग ती डोंगर चढली. गाढवाची वाट, एका बाजूला कडा. वर गेली तर गार वारा आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. डाळिंबं, अक्रोड आणि गुलाबच गुलाब. दगडात कोरलेल्या पाटातून पाणी झुळझुळत यायचं. ते वाटून कसं घ्यायचे? जमिनीत एक काठी रोवलेली. तिची सावली इथवर आली की पाणी याच्या बागेत, तिथवर गेली की त्याच्या. भांडण नाही, तंटा नाही. सूर्यच वाटणी करायचा. तिथला सैफ माळी मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढायचा. अख्ख्या डोंगराला त्याचा वास. भिवरा त्याच्या घरी दोन दिवस राहिली. खाणं झालं, पिणं झालं, सैफच्या सात बहिणींनी तिच्या हातावर मेंदी काढली. पण का आलीस, हे कुणी विचारलं नाही. भिवरा खाली मान घालून निघाली.

मग ती वाळवंटात आली. वाळूचे डोंगर, सकाळी गुलाबी आणि दुपारी पिवळेधमक. त्यांच्या कडेला शेळीच्या केसांचा काळा तंबू, आणि तंबूत मौझा आजी. नाकावर चमकता मुखवटा आणि तोंडाचा पट्टा चालू. तिची नात झाडाची साल थोडी थोडी तासायची. सालीतून पांढरे थेंब यायचे आणि वाळून खडे व्हायचे. तोच लोबान. बाळाला धुरी देतात ना, तो. इथेही दोन दिवस गेले. मौझा आजी जगभरचं बोलली, नेमकं तेवढंच विचारलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी भिवरा गाठोडं बांधत होती. तंबूमागे एक उंटीण नुकतीच व्यालेली. तिने मान लांब केली, पिल्लाला हुंगलं, आणि पिल्लू लडखडत जाऊन आचळाला लागलं. भिवराने ते पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

"आजी, विचार ना तिला," नात हळूच म्हणाली.

"अजून एक दिवस आहे."

"ती रडते आहे."

"दिसतंय मला. आंधळी नाही मी." म्हातारी नुसती मागे-पुढे झुलत होती.

भिवराने डोळे पुसले. तिला आईची शिस्त आठवली. मग टिकलीच्या बरगड्या आठवल्या. ती म्हणाली, "आजी, मला तुमच्याकडून थोडा लोबान हवा आहे. माझं वासरू मरेल हो."

आणि सगळं सांगून टाकलं.

"अगं पोरी," मौझा आजीने मोठा श्वास सोडला. "दोन दिवस न विचारून माझं पोट फुगलं. आमच्यात पाहुण्याला तीन दिवस विचारत नाहीत, का आलास म्हणून. आधी त्याने सुखाने राहावं."

"आणि आमच्यात विचारल्याशिवाय सांगत नाहीत."

मग म्हातारी हसायला लागली ती थांबेचना. "म्हणजे खमीसकडून दोन दिवसांत उठलीस? सैफकडूनही? बिचाऱ्यांना वाटलं असेल, आपला कहवा बिघडला."

तिने लोबानाची पिशवी भरून दिली आणि आपली सगळ्यात पळती सांडणी दिली. पुनवेला सहाच दिवस उरले होते. भिवरा डोंगराच्या पायथ्याशी आली, धावत वर चढली. बघते तर सैफच्या सात बहिणी भांडत होत्या, की त्या दिवशी कहवा कुणी करपवला. भिवरा दारातूनच म्हणाली, "कहवा छान होता, मला गुलाबपाणी हवंय." भांडण तिथेच मिटलं. मग सैफने दोन बाटल्या भरल्या. ती खाली उतरली, किनाऱ्यावर आली. तिथे शम्सा नवऱ्याशी बोलत नव्हती, कारण त्या दिवशी कहव्याच्या बिया त्याने भाजल्या होत्या. भिवराने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "ते अंबर थोडं द्याल?" खमीसने अर्धा गोळा तिच्या ओच्यात टाकला. "एवढंच होय," तो म्हणाला. "आधी बोलली असतीस, तर माझं जेवण तरी सुटलं नसतं."

पुनवेला दुपारी वारा फिरला. भिवरा जहाजावर होती.

राज्यात पोचली तेव्हा टिकली उठत नव्हती. भिवराने तिला उचलून ढवळीपुढे ठेवलं. निखाऱ्यावर लोबान टाकला, अंबराचा चुरा टाकला, वरून गुलाबपाणी शिंपडलं. गोठा धुराने भरला. राजा, राणी, नाखवा, सगळे नाक वर करून उभे. काहीच नाही. मग राजा म्हणाला, "शेण." राणी म्हणाली, "अहो, खरंच, शेणाचा वास येतोय." आणि साडेतीन गावांतली माणसं शेणाच्या वासाने नाचायला लागली, बरं का.

ढवळीने मान खाली घातली. टिकलीला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग जीभ काढून कपाळापासून शेपटीपर्यंत चाटलं, आणि तिचा पान्हा असा सुटला की टिकलीला गिळता गिळता ठसका लागला.

राणी मात्र नंतर सगळ्यांना सांगायची, "पोरगी परदेशी जाऊन फार धीट झाली. लागेल ते सरळ मागते." पण सांगताना हसायची. आणि दर वर्षी वारा आला, की नाखव्याच्या जहाजातून खमीसला काथ्या जायचा, सैफला सुरंगीची रोपं जायची, मौझा आजीला वेलदोडे जायचे, आणि तिकडून त्यांच्यापैकी कुणी ना कुणी महिनाभर राहायला यायचं. सगळी सुखात राहिली. टिकलीही मोठी झाली आणि बरंच दूध द्यायला लागली.

चला, आता पाय आत घ्या. पांघरूण हनुवटीपर्यंतच, नाक बाहेर राहू दे. झोपा.