पदमाईची झोळी

पूर्णेवर पूल नव्हता आणि देवळखेडला यायचं तर कमरेएवढ्या पाण्यातून यावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या मठीत पदमाई नावाची संन्यासिनी राहायची. महानुभाव पंथाची. अंगावर काळं वस्त्र, खांद्याला झोळी. सकाळी उन्हं अंगणात उतरली की ती दारोदार भिक्षेला फिरायची. बाया "घे, माय" म्हणत भाकरीचा तुकडा, कोरड्यास, जे असेल ते झोळीत घालायच्या, आणि सगळं एकत्र कालवून ती नदीकाठी बसून खायची. जिभेचे चोचले तिला माहीतच नव्हते. असं म्हणतात, की घासाच्या चवीवरून तिला कळायचं, कुणाकडे लेक माहेरपणाला आली आहे आणि कुणाकडे सासूसुनेचं बिनसलं आहे. पण एका घरातलं दुसऱ्या घरात तिनं कधी नेलं नाही. म्हणूनच तिच्यासमोर कुणी दार लोटून घेत नसे.

एका वर्षी पोळा तोंडावर आला आणि गावात धुसफूस सुरू झाली. मेघोजी पाटील आणि त्याचा चुलतभाऊ हरबाजी, दोघांचा एकच हट्ट होता : तोरणाखालून आधी माझेच बैल जाणार. बैलांना त्याचं काहीच नव्हतं. माणसांनीच एकमेकांचं तोंड पाहणं टाकलं होतं.

त्यातल्याच एका सकाळी पदमाई हरबाजीच्या दारात उभी राहिली. त्याची बायको सगुणा भाकर घेऊन बाहेर आली, तोच हरबाजीनं मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"आज नको माय," तो म्हणाला. "आमच्या घरचं आज घेऊ नका."

"काऊन रे बाबा?"

"सुतक हाय."

पदमाई हसली. "आमच्या पंथात सुतक मानत नाहीत. घालू दे रे तिले."

"तुमी नसान मानत. मी मानतो." मग तो घाईनं म्हणाला, "सोयऱ्याइकडचं हाय." सगुणा नवऱ्याकडे बघतच राहिली. पदमाई पुढच्या दाराकडे वळली.

दुपारी गुरं शोधायला गेलेल्या माणसाला उभ्या ज्वारीत मेघोजी पाटील सापडला. डोक्यात घाव होता आणि अंग लाकडासारखं ताठरलं होतं, म्हणजे आदल्या संध्याकाळीच कुणीतरी त्याला संपवलं होतं. जवळ कुऱ्हाड पडली होती. कुऱ्हाड रायाजी घिसाड्यानं घडवलेली होती. रायाजी पुरामुळे गावाबाहेर पाल टाकून अडकलेला परका माणूस, आणि कुऱ्हाडीच्या धारेवरून पाटलाची त्याच्याशी चांगलीच बाचाबाची झालेली. अर्ध्या गावाच्या कुऱ्हाडी त्याच्याच भट्टीतल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ठाणेदारानं रायाजीला चावडीच्या खांबाला बांधलं आणि पाटलाची चिता विझली की याला वडाला लटकवा म्हणून सांगितलं. सगळ्यात मोठ्यानं "लटकवा" कोण ओरडलं असेल? हरबाजी.

पदमाई तेव्हा नदीकाठी झोळी उघडून बसली होती. रायाजीची बायको हौशी पोटुशी होती, दिवस भरत आले होते. ती धापा टाकत आली आणि पदमाईच्या पायांवर पडली.

"माय, त्याले वडाले लटकवतात! माह्या मानसानं नाही मारलं वो! पाटील मेला, हे आमाले आत्ताच दुपारी समजलं. कालपासून पालाबाहेर पाऊल नाही टाकलं त्यानं."

पदमाईचा हात झोळीतच थांबला. आत्ताच दुपारी समजलं. गावालाही दुपारीच समजलं. मग हरबाजीच्या घरी सकाळी सुतक कुणाचं होतं?

ज्या घराची भाकर इतकी वर्षं खाल्ली, त्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर न्यायची? तोंड उघडलं तर सगुणेचं कुंकू पुसलं जाणार. नाही उघडलं तर हौशीचं. हौशी तिचे पाय धरूनच होती. पदमाईनं हातातला घास परत झोळीत टाकला आणि उठली.

चावडीवर येऊन तिनं झोळी रायाजीपुढे ठेवली. "ही उचलल्याबिगर या मानसाले हात लावायचा नाही," ती म्हणाली. ठाणेदाराचा शिपाई हसत पुढे आला. झोळी हलेना. आणखी दोघे लागले, तिघांना घाम फुटला, झोळी जागची हलली नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर झोळीत गावच्या भाकरींशिवाय काही नव्हतं. पण जे झालं असं आजा-पणजा सांगत आले, त्यात मी कशाला हात घालू?

मग पदमाई हरबाजीकडे वळली. "बापू, सुतक मेल्यानं लागत नाही, आयकल्यानं लागते. साऱ्या गावाले दुपारी आयकू आलं. तुले सकायीच कसं लागलं?"

"सोयऱ्याइकडचं होतं, सांगतलं ना!"

"कोन्त्या सोयऱ्याइकडचं?"

हरबाजीनं बायकोकडे पाहिलं. सगुणा पदर तोंडात धरून उभी होती. "माह्या माहेरी समदे जिते हायेत," ती रडत म्हणाली. "यायच्याही मामाकडं समदे जिते हायेत. आपल्या दारी निरोप्या आलाच नाही वो!"

भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालताना हरबाजीचा हात कापला नव्हता. पण भावाच्या सुतकातलं अन्न साध्वीच्या झोळीत घालायला तो कापला. आता तो हातच पुढे करून हरबाजी खाली बसला. "बांधा मले," म्हणाला. पदमाईनं झोळी एका बोटानं उचलली.

ठाणेदार हरबाजीला लटकवायला निघाला, तेव्हा ती आडवी आली. "मी एकाले सोडवाले आली, दुसऱ्याले माराले नाही." ती वडाखाली बसून राहिली आणि उठेचना. शेवटी ठाणेदारच वाकला. हरबाजीला मुलखाबाहेर हाकललं, सगुणेचं घर-शेत तिच्याकडेच राहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हौशीला मुलगा झाला आणि पदमाईनं त्याला झोळीत घालून झोका दिला. पुढे एका पावसाळ्यात ती भरल्या पूर्णेतून पलीकडे निघून गेली. पाणी तिच्या घोट्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात.

तिची समाधी नाही, मूर्ती नाही. पण आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रायाजीच्या वंशातले घिसाडी जिथे असतील तिथून देवळखेडला येतात आणि गावाबाहेर पालं टाकतात. त्या दिवशी सगळं गाव, पाटलाच्या घरासकट, खांद्याला झोळी अडकवून त्यांच्या पालांपुढे भिक्षेला उभं राहतं. ज्याला विनाचौकशी मारायला निघालो, त्याच्या लेकरांच्या हातचं खायचं, आणि मारू दिलं नाही म्हणून तिचे उपकार मानायचे. घिसाडी बाई भाकर मोडते आणि समोर पोर असो, सून असो की मिशीला पीळ दिलेला पाटील, प्रत्येकाच्या झोळीत तुकडा घालून एकच म्हणते, "घे, माय."