वस्तादाची गुळणी

गावात घड्याळ नव्हतं, सावली बघून हुतूतूचे सामने लागायचे, तेव्हाची ही गोष्ट. कुसळवाडीत सटवाजी वस्ताद होता. आवाज केवढा त्याचा! तो मैदानावर ओरडला की पलीकडच्या शिवारातली गुरं चरायची थांबायची, असं म्हणतात. "डावा धर! पाय ओढ! मागं फीर!" पोरं त्याच्या तोंडाकडं बघून खेळायची. त्यानं सांगितल्याशिवाय घाम पुसायचीसुद्धा सोय नव्हती.

जोगाईच्या जत्रेत जिंकेल त्या गावाला देवीची मानाची काठी वर्षभर मिळायची. त्या वर्षी कुसळवाडी जिंकल्यातच जमा होती. समोरच्या खडकओढा गावाचा शेवटचा गडी चढाईला आला आणि पोरांनी त्याला मातीत दाबून धरला. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "सोडा रं त्याला!" आणि पोरांनी सोडला की हो! गडी पळाला रेषेपार, धरणारे सगळे बाद, काठी गेली खडकओढ्याला. ओरडला होता तिथला भिवा सोंगाड्या, हुबेहूब वस्तादाच्या आवाजात.

पाटील म्हणाले, "सटवाजी, पुढल्या जत्रेला काठी आली नाही, तर दुसरा वस्ताद बघू."

हुतूतूशिवाय त्याला दुसरं जगच नव्हतं. पोरांवर डाफरायला तो तरातरा निघाला, पण अर्ध्या वाटेतून माघारी फिरला. पोरांची चूक कुठं होती? ती तर शिकवल्यासारखीच वागली होती.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला की वस्ताद तांब्यातून पाणी घ्यायचा आणि तोंडात गुळणी धरून बसायचा. पोरं बावचळली. "वस्ताद, आता काय करू?" वस्ताद गाल फुगवून नुसता बघायचा. पोरं चिडली, आपसात भांडली, मग एकमेकांना विचारून भलतंसलतं करून बघायला लागली. शिव्या वस्तादाच्या घशापर्यंत यायच्या, पण गुळणी काही सांडली नाही.

जत्रा आली. खेळ असा रंगला की देवळातला पुजारी आरती अर्धी टाकून धावत आला, असं म्हणतात! शेवटी कुसळवाडीचा एकटा हैबती उरला, सगळ्यांत किडकिडीत. समोर खडकओढ्याचे सात धिप्पाड गडी. "हुतूतूतूतू..." करत तो घुसला, आणि गर्दीतून तोच आवाज आला, "हैबती, मागं फीर!"

हैबतीनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. वस्तादाचे गाल टम्म! मग ओरडलं कोण?

लबाड पोरगं मुकाट मागं फिरलं, अगदी आज्ञेतल्यासारखं. सातही जण साखळी सोडून त्याच्यावर झेपावले. हैबतीनं मटकन बसकण मारली! सातजण एकमेकांवर कोसळले आणि हैबती दम न सोडता त्यांच्या खालून सरपटत निघाला. बोटं रेषेला टेकली. त्याला शिवलेले सातही बाद! असा डाव वस्तादानं जन्मात शिकवला नव्हता.

वस्ताद नाचायलाच लागला. गुळणीचं कारंजं उडालं, पाटलांचा पटका चिंब झाला. "आरं लबाडा, हे कुठं शिकलास?"

हैबती धापा टाकत म्हणाला, "तुमी गप बसला हुता न्हवं, तवा!"

ते पाणी पडलं तिथली माती भर उन्हाळ्यातही ओली असते, असं म्हणतात.

आजही कुसळवाडीत सामना लागला की आधी वस्तादापुढं तांब्या येतो. निकाल लागेपर्यंत गुळणी गिळायची नाही, सांडायची नाही. आणि बाहेरून कुणी काही ओरडलं, की पोरं आधी वस्तादाच्या गालांकडं बघतात.