खुंटीवरची दोरी

नदीतले मासे माणसाच्या मांडीएवढे व्हायचे, त्या काळची ही गोष्ट. रखमाजीच्या गळाची दोरी काठीवरच्या चरखीला गुंडाळलेली असे. पावसाळा लागला की तो तिला उतरवायचा, धुऊन-पुसून सावलीतल्या खुंटीवर सैल टांगायचा. दोरीला ते एकटेपण नकोसं व्हायचं.

"माझ्यापाशीच राहा," चरखी एकदा म्हणाली. "अशी घट्ट धरीन की कुणी हलवणार नाही."

त्या वर्षी दोरी रडकुंडीला आली. "धनी, राहू द्या ना मला इथंच!" रखमाजीला दया आली. त्यानं ओली दोरी चरखीवर तशीच ठेवली.

पावसाळा सरून पाणी निवळल्यावर त्यानं गळ टाकला. दोरी पाण्यावर पडली ती वेटोळी होऊनच. तेवढ्यात मोठ्या माशानं हिसका दिला.

"सरळ हो!" रखमाजी ओरडला.

दोरीनं सगळा जीव एकवटला, पण अंगात चरखीचाच गोल भिनला होता. वेटोळ्यात वेटोळं अडकलं, गाठ बसली आणि ती तटकन तुटली. अर्धी दोरी माशाबरोबर गेली.

रखमाजी उरलेली गोळा करू लागला.

"ये गं, घट्ट धरते तुला," चरखी म्हणाली.

दोरी रखमाजीच्या बोटाला बिलगली. "धनी, ती खुंटी अजून रिकामी आहे ना?"