मुंगसाची मुळी आणि टिटवीचा प्रश्न

जंगलात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

विषावरची मुळी मुंगसाला ठाऊक असते, असं जंगलात सगळे मानत. म्हणून त्यानं अंग हलकं करणारी मुळी काढली, तेव्हा कुणी शंका घेतली नाही. एका मुळीला एक अंडं मोजायचं; ते बहुतेक जण टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचंच उचलून आणत. पथ्य एवढंच, की दुपारचं खाणं सोडायचं आणि रोज टेकडी चढायची.

टिटवीच्या शेजारी राहणारी अस्वलीण फार जाड. उंचावरचं मधाचं पोळं गाठता यावं म्हणून तिनंही मुळी सुरू केली. थोड्याच दिवसांत तिला असे जुलाब लागले की उठवेना. पिल्लं भुकेनं रडू लागली.

"मुंगूसदादा म्हणतात, माझंच पथ्य मोडलं," ती कण्हली. "आणखी मुळ्या खा म्हणाले."

"मोडलंस का तू?" टिटवीनं विचारलं.

"नाही गं."

"मग मुळीला तोंड लावू नकोस. मी बघते त्याच्याकडे."

टिटवी थेट जंगलाच्या मुखियाच्या, म्हाताऱ्या गव्याच्या सभेत शिरली. मुंगसानं बारीक झालेले प्राणी खडकावर ओळीनं उभे केले होते. आता पिल्लांनाही मुळी द्यावी, असा हुकूम सुटणारच होता.

"बाकीचे कुठे आहेत?" टिटवी कडाडली.

"त्यांनी पथ्य मोडलं. ते हिशेबात धरायचे नसतात," मुंगूस म्हणालं.

"वा रे वा! बारीक झाला तो मुळीमुळे आणि आजारी पडला तो स्वतःमुळे. तुझी मुळी चुकणार तरी कधी?"

सभा हसली. मुंगूस फिसकारलं, "हिची अंडी जातात, म्हणून ही बोंबलते!"

"जातातच! म्हणून तर नीट पाहिलं. आजोबा, निम्म्यांना मुळी आणि पथ्य द्या, निम्म्यांना नुसतं पथ्य. कुणाला काय, ते तुम्ही ठरवा, यानं नाही. आणि अमावास्येला सगळ्यांना बोलवा. अंथरुणाला खिळलेत, त्यांनाही धरा."

गव्यानं मानलं. अमावास्येला पाहिलं, तर दोन्हीकडचे सारखेच हलके झाले होते. फरक एवढाच, की मुळी खाणारे कितीतरी जण जुलाबांनी लोळत होते. गव्यानं शिंगं रोखली आणि मुंगसाला नदीपार हाकललं.

मुळी सोडल्यावर अस्वलीण सावरली. पोळ्याच्या झाडाला तिनं आपल्या जाड अंगाची अशी धडक दिली की पोळं खाली आलं. पिल्लांनी मिटक्या मारत मध चाटला.

तात्पर्य: गुण आलेलेच तेवढे जो पुढे उभे करतो, त्याचं औषध घेण्याआधी बाकीचे कुठे आहेत, ते विचारावं.