फक्त बघायची गाडी

एकदा एका वृद्ध मिस्त्रीने आपल्या सर्वांत लाडक्या शिष्याच्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर, भर सकाळी, चारचौघांदेखत, खिळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा ओढला. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, वृत्तीने शांत, उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला वाकडा हात न लावलेले. मग त्यांनी हे असं का केलं, ते सांगतो. पण त्यासाठी आधी शिष्याचा पराक्रम ऐकावा लागेल.

मिस्त्रींचं नाव दौलू. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांची इंजिन दुरुस्तीची जुनी शेड. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. जुनी गाडी विकताना घेणारा आणि देणारा दोघेही त्यांना बोलावत आणि दौलूमामा जे म्हणतील ते प्रमाण मानत. त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं शिकलेला सुकुमार मगदूम आता चाळिशीचा झाला होता आणि शेजारच्याच गल्लीत, घराला लागून, लोखंडाचे सुटे भाग कातायचा त्याचा स्वतःचा लेथचा कारखाना होता. इंजिनाची नस न् नस त्याला ठाऊक. आता बघा, दिव्याखाली अंधार असतो तो असा.

चार वर्षांपूर्वी सुकुमारने एक गाडी घेतली. उंच बांध्याची, पण आटोपशीर. हल्ली प्रत्येक गल्लीत दोन-चार दिसतात, त्यातलीच एक. कंपनीचं नाव घेऊन काय करायचं? गाडी दारात आली त्या दिवशी शोरूमच्या मुलाने सहज सांगितलं, जपून वापरलीत तर चार-पाच वर्षांनी हिला सोन्यासारखा भाव येईल. झालं. ते वाक्य सुकुमारच्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिथून हललंच नाही.

सीटवरचं प्लास्टिक त्याने काढलं नाही. उन्हाने ते पिवळं पडलं, तरी नाही. पावसात गाडी बाहेर काढायची नाही, उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्याला असतात त्या रस्त्याला न्यायची नाही, आत कुणी काही खायचं नाही. लेकीला गाडीत बसताना चप्पल हातात घ्यावी लागे. बायको भाजीला चालत जाई, म्हातारी आई दवाखान्याला मोटरसायकलवर मागे बसून जाई, आणि गाडी शेडखाली पांढरं कापड पांघरून तळहातावरच्या फोडासारखी जपली जाई. चार वर्षांत चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. बॅटरी उतरू नये म्हणून तेवढं सुकुमार रोज सकाळी अंघोळीनंतर पाच मिनिटं गाडी जागच्या जागी सुरू ठेवी आणि बंद करी. शेजारी म्हणत, गाडी पूजेला लावली आहे. सुकुमार हसे. त्याच्या मते हसण्याचा खरा दिवस अजून यायचा होता.

आला तो दिवस भलताच. एका रविवारी मेहुण्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. याच गाडीचं इंजिन खोलून ठेवलं होतं आणि कुणी एक जण सांगत होता की, या इंजिनाचा आतला पट्टा तेलात फिरतो, काही गाड्यांत तो झिजतो, त्याचा चुरा तेलाच्या वाटेत अडकतो आणि इंजिन एकाएकी जाम होतं. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या गाड्यांच्या बाजारात चौकशी केली, तर त्या मॉडेलचं नाव काढताच दलाल मान फिरवू लागले. चार वर्षं राखलेला भाव आठवडाभरात पाण्यासारखा वाहून चालला होता. सुकुमारला जेवण गोड लागेना. भाव आणखी पडायच्या आत गाडी काढायची, असं त्याने ठरवलं.

गिऱ्हाईक मिळालं. गुळाचे व्यापारी रमणशेठ. माणूस व्यवहाराला पक्का. त्यांची अट एकच, दौलूमामांनी गाडी ऐकावी आणि तीही थंड असताना, कारण तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. सुकुमारची ना नव्हती. न वापरलेल्या गाडीला कसलं आलंय दुखणं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी आठला मामा आणि शेठ येणार, तर सातलाच सदलग्याहून मावसभावाचा फोन आला. चंपामावशीने, म्हणजे सुकुमारच्या आईच्या थोरल्या बहिणीने, दोन दिवसांपासून अन्न घेणं थांबवलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मावशी शुद्धीवर होती आणि सारखी एकच विचारणा करत होती, धाकटी आली का? कोल्हापूरहून सदलगा म्हणजे गाडीने दीड तासाची वाट. पण दोघी बहिणींची गाठ पडून अडीच वर्षं झाली होती. आईने किती वेळा विषय काढला होता आणि किती वेळा तो पुढे ढकलला गेला होता, हे सुकुमारला आठवत होतं. त्याने मान खाली घालून सांगितलं की, शेठ येऊन जाऊ देत, सौदा झाला की भाड्याची गाडी करू. मीटरवरचा आकडा त्याने शेठना आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. तो आता वाढवायचा कसा?

आई आत गेली. पातळ बदललं, पिशवीत दोन कपडे घातले आणि ओट्यावर येऊन बसली.

आठला दौलूमामा आणि रमणशेठ आले. मामांनी बोनेटवर हात ठेवून गाडी थंड असल्याची खात्री केली, मग सुरू करायला सांगितलं. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी गाडी बंद करायला लावली, बोनेट उघडलं आणि इंजिनात तेल घालायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं. ते उलटं करून त्यांनी सुकुमारच्या हातावर ठेवलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, चिकट थर साचला होता, दुधावर साय धरावी तसा. लोकांच्या इंजिनात हे त्याने पुष्कळ वेळा पाहिलं होतं आणि पुष्कळांना त्यावरून बोल लावले होते. रोज पाच मिनिटं चालवलेलं इंजिन कधी पुरतं तापत नाही, आतला दमटपणा आतच राहतो, तेलात मिसळतो आणि तेलाची अशी चिकट साय होते. हे धडे ज्याने पंधरा वर्षं गिरवले, त्याने स्वतःच्या हाताने, अंघोळ करून, चार वर्षं रोज हेच केलं होतं. व्हिडिओतल्या पट्ट्याची भीती बाळगत तो बसला होता, आणि हा रोग त्याने घरीच पोसला होता.

मामांनी शेठना खरं ते सांगितलं. इंजिन मेलेलं नाही, गुदमरलं आहे. तेल बदलून नीट चालवलं तर सुधारेल, पण वेळ लागेल. पट्ट्याचं पुढेमागे बघावं लागेल. शेठनी थोडा विचार केला आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर आले. सुकुमारला तो आकडा कानशिलात बसल्यासारखा वाटला. पण उद्या तेवढेही मिळाले नाहीत तर? त्याच्या ओठावर 'हो' आलं होतं.

तेवढ्यात आई ओट्यावरून उठली. घड्याळात पावणेनऊ होत आले होते.

"तुझं चालू दे बाबा," ती म्हणाली. "मी एसटीनं जाते. नऊची गाडी मिळंल."

मामांनी तिला विचारलं, कुठे निघालात? तिने सांगितलं. मामांनी मग सुकुमारकडे पाहिलं. सुकुमार गाडीकडे पाहत होता. मामा शेजारच्या कारखान्याच्या दाराशी गेले, तिथल्या भंगारातून एक लांब खिळा उचलला, परत आले, आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत गेले. करकर करत रंग उडाला आणि खालचा पत्रा दिसू लागला.

सुकुमार जागच्या जागी थिजला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याने त्याचा हात पिरगळला असता. पण हात गुरूचा होता. बायको दारात आली आणि पदर तोंडावर धरून उभी राहिली. शेठच काय ते बोलले, मिस्त्री, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

मामांनी खिळा खाली टाकला आणि शांतपणे विचारलं, "शेठ, आता घेणार काय ही गाडी?"

शेठनी नकारार्थी मान हलवली. एक तर इंजिनाची ही तऱ्हा, वर हा ओरखडा. निम्म्या किमतीलाही नको, म्हणाले. घडल्या प्रकाराबद्दल मामांनी त्यांच्यासमोर हात जोडले. शेठ निघून गेले.

मग मामा सुकुमारकडे वळले. "ही गाडी कुणाची रं?"

सुकुमारचा संताप आता कुठे वर आला होता. "माझी! माझी आहे मामा, आणि तुम्ही तिचं—"

"आज झाली तुझी," मामा म्हणाले. "काल नव्हती. चार वर्षं ही एका अशा माणसाची होती, जो अजून आलाच नव्हता. त्याच्यासाठी तू बायकोला चालवलंस, पोरीच्या पायातल्या चपला काढायला लावल्यास, आईला मोटरसायकलवर हाडं मोजायला लावलीस. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. तू तर राखून राखून तहानेनं मेलास, आणि तळंही नासवलंस. इंजिन काय, माणूस काय, नातं काय, रोज पाच मिनिटं जागच्या जागी सुरू करून जिवंत राहत नाही लेका. त्याला लांबवर न्यावं लागतं. आजचा माझा खिळा तुला महाग पडला, ठाऊक आहे. दहा हजार किलोमीटर झाले की ये, मी स्वतःच्या हातानं रंग देतो. त्याच्या आधी आलास तर शेडमध्ये घेणार नाही."

एवढं बोलून म्हातारा गाडीखाली शिरला. सत्तरीतला माणूस जमिनीवर पाठ टेकून आपल्या गाडीचं तेल सोडतो आहे, हे पाहून सुकुमारला लाज वाटली. तोही खाली शिरला. दोघांनी मिळून जुनं तेल काढलं, मामांच्या शेडमधून मागवलेला नवा फिल्टर बसवला, नवं तेल घातलं. अर्ध्या तासात काम आटोपलं. मामांनी बजावलं की, हे तेल आठवडाभरात पुन्हा बदलायचं, आणि वाटेत तेलाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची, पुढे रेटायची नाही.

सुकुमारने आईला पुढच्या सीटवर बसवलं. खाली प्लास्टिक करकरलं तशी ती अवघडून पुढे सरकून बसली. त्याने तिला क्षणभर उतरवलं आणि ते प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. मग गाडी निघाली.

पहिले पाच-सात मैल मागून पांढरी वाफ येत होती. सुकुमारचा एक डोळा रस्त्यावर, एक दिव्यावर. लाल दिवा लागला आणि वाटेतच थांबावं लागलं, तर आई मावशीला भेटणार कशी? चार वर्षांत पहिल्यांदा त्याला गाडीची काळजी वाटत होती ती गाडी पोहोचावी म्हणून. हमरस्त्याला लागल्यावर इंजिन पुरतं तापलं, वाफ थांबली, आवाज मोकळा झाला. उसाच्या ट्रॉल्या आल्या, गेल्या. आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि कुठलं गाव आलं ते स्वतःशीच सांगत होती.

सदलग्यात पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. मावशी पडवीत खाटेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे लख्ख होते. बहिणीला पाहताच तिने हात वर केला. आई खाटेच्या काठावर बसली आणि तो हात धरून बराच वेळ नुसती रडली.

मग मावशीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "इतके दिवस का आली नाहीस गं?"

सुकुमार दारात उभा होता. आता आई सांगेल, सगळ्या नातेवाइकांसमोर सांगेल, असं त्याला वाटलं. आईने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मलाच सवड नव्हती आक्का," ती म्हणाली.

सकाळपासून त्याला धक्क्यांवर धक्के बसले होते. भाव गेला, इंजिनाची साय दिसली, गुरूने खिळा ओढला. पण हा सर्वांत मोठा होता. दिवसभर ओट्यावर रिकामी बसणारी आपली आई, तिला म्हणे सवड नव्हती! तो खाली बसला आणि त्याने मावशीच्या पायावर डोकं ठेवलं.

"मावशी, सवड आईला होती. मीच आणलं नाही."

मावशीने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. रागावण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, की इच्छा नव्हती, कोण जाणे. जैनांचं घर, दिवस मावळल्यावर तिथे कुणी जेवत नसे. ती म्हणाली, "आणलंस ना आता. मग दिवस मावळायच्या आत जेवून घ्या दोघं."

मावशी त्यानंतर अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत सुकुमारने आईला आठ वेळा सदलग्याला नेलं आणि तीन रात्री ती तिथेच राहिली. आज त्या गाडीला बाजारात काय भाव येईल, असं त्याला कुणी विचारलं तर तो खरंच विचार करून सांगतो की, ठाऊक नाही.

आपल्याही घरात कुणीतरी 'मलाच सवड नव्हती' असं चारचौघांत सांगत असेल. ते एकदा आपण दारात उभं राहून नीट ऐकावं.